हेल्मेटवर बसलेला माणूस

लायल सोबचाक हा जन्मभर चोऱ्या करून पोट भरलेला माणूस. चोरी एकाच वस्तूची, हेल्मेटची, आणि तीही भर मैदानात, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत. कोणी खेळाडू डोक्यावर आपटून लटपटत बाहेर आला, की लायल आधी त्याचं हेल्मेट पळवायचा. कारण आम्हा खेळाडूंची जात हट्टी. डॉक्टरची पाठ वळली की हेल्मेट चढवून स्वारी पुन्हा मैदानात. हेल्मेटशिवाय मात्र पंच आत पाऊल ठेवू देत नाहीत. शिर सलामत तो पगडी पचास म्हणतात ना, लायलचं गणित उलटं होतं. शिर सलामत ठेवायचं असेल तर आधी पगडी उचला.

मी अमेरिकन फुटबॉल, टोलेडो शहराच्या स्टीमर्स संघात खेळायचो. समोरच्या दांडग्याला ढकलायचं आणि माझ्या मागून चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढंच माझं काम. अंगापिंडामुळे सगळे मला ट्रक म्हणायचे. खरं नाव फक्त आई घेते, तेही रागावली तर.

लायल आमचा ट्रेनर. ट्रेनर म्हणजे जोरबैठका काढून घेणारा नव्हे. मोडलेलं बांधणारा, सुजलेलं शेकणारा, तो आमच्याकडे ट्रेनर. साठीला आलेला, बुटका, लाल कानांचा, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. सकाळी सरावाआधी आम्ही एकेक जण त्याच्या टेबलावर पाय पसरून बसायचो आणि तो आमचे घोटे चिकटपट्टीने आवळायचा. हात चालू आणि तोंडही चालू. बायको बरी आहे का, कुत्रा परत आला का, सासू गेली का एकदाची. मला वाटायचं, म्हातारा बडबड्या आहे, दुसरं काय.

आता आमचं एक शहाणपण सांगतो, म्हणजे कपाळाला हात लावाल. जुलैत, हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा होते. पाच शब्द ऐकून परत सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. डोकं ठणठणीत असताना किती जमतं ते नोंदून ठेवतात. पुढे मार लागला की हेच सगळं पुन्हा करायला लावतात आणि ताडून बघतात. यात फसवण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण जुने खेळाडू नव्यांच्या कानात पहिल्याच दिवशी मंत्र फुंकतात: जुलैत मुद्दाम चुकायचं. पाचातले तीनच शब्द सांगायचे, ऑगस्ट गाळायचा, एका पायावर दारू प्यायल्यासारखं डुलायचं. म्हणजे डिसेंबरात डोकं खरंच हललं तरी गुण जुलैइतकेच पडतात आणि डॉक्टर म्हणतो, जा बाळा, खेळ. नापास व्हायची इतकी हौस मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा, वर आणि हसतोय.

लायलला हे सगळं ठाऊक होतं. ओरडून उपयोग नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून त्याने आपली स्वतःची परीक्षा चालू ठेवली होती, रोज सकाळची, त्या टेबलावरची. तिच्यात कोणी लबाडी करत नसे, कारण ती परीक्षा आहे याचा कोणाला पत्ताच नव्हता. कोण कसा बोलतो, कोण कशावर हसतो, कोण काय ऐकून चिडतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं.

मेंदूला बसणाऱ्या झटक्याला आम्ही आपसात 'काजवे' म्हणायचो, कारण डोळ्यांपुढे तेच चमकतात. दर हंगामात पाच-सात जणांचे काजवे डॉक्टरपर्यंत पोचायचे. लपवलेले किती, ते एक देव जाणे. पहिला झटका माणूस पचवतो. तो जिरायच्या आत दुसरा बसला की खेळ खलास, कधी तिथल्या तिथे, कधी वीस वर्षांनी. आमच्याआधी खेळलेला हार्लन म्हणून एक गडी होता, आता शुश्रूषागृहात असतो. पन्नाशीही गाठली नाही, आणि चमचा कोणत्या बाजूने धरायचा ते कळत नाही. लायल सुट्टीच्या दिवशी त्याची दाढी करायला जायचा. हार्लन दर वेळी विचारायचा, "तुम्ही कोण?" आणि लायल दर वेळी हात पुढे करून आपलं नाव सांगायचा, जणू पहिलीच भेट. मी एकदा सोबत गेलो होतो. पुन्हा जायची छाती झाली नाही.

कॉर्डेल पेटिवे हा आमचा चेंडू घेऊन पळणारा, म्हणजे मी ज्याच्यासाठी वाट करायचो तो. जॉर्जियाचा. पळायला लागला की समोरचे बघत राहायचे, आणि बोलायला लागला की आम्ही. लायलच्या टेबलावर बसला की याची टकळी सुरू.

"काय रे म्हाताऱ्या, पट्टी बांधतोयस की मढं गुंडाळतोयस?"

"मढं एवढी बडबड करत नाही."

"माझी आजी याच्यापेक्षा घट्ट बांधते. तिला तर एकच डोळा आहे."

"मग आजीलाच घ्या की संघात. तुझ्यापेक्षा जोरात पळेल."

रोज हेच, फक्त शिव्या ताज्या. आभार वगैरे मानायचं तर नावच नको. त्या नोव्हेंबरात कॉर्डेलला मुलगी झाली, ओडेसा. मग काय विचारता, येईल-जाईल त्याला फोनवर फोटो. खरं सांगायचं तर सगळी तान्ही बाळं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतात, पण बोलायची सोय नव्हती.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. सरोवरावरून बोचरा वारा सुटलेला, जमीन गोठून दगड झालेली. जिंकणारा पुढच्या फेरीत, हरणारा घरी. सामना बरोबरीत होता. कॉर्डेल चेंडू घेऊन सुटला, दोन बाजूंनी दोघांनी त्याला गाठलं आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. आवाज मला ऐकू आला. पण पठ्ठ्या आपला आपण उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणाला डोक्याला मार बसतो ते वरच्या खोलीतून बघायला नेमलेल्या माणसाने तरी त्याला बाहेर बोलावलं, आणि डॉक्टर ऑल्टमन बाई त्याला मैदानाकडेच्या तपासणीच्या निळ्या तंबूत घेऊन गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा आमचे कोच ब्रॅनिगन दारातच उभे होते.

"गुण जुलैइतकेच आहेत," बाई म्हणाल्या. "मला फारसं पटत नाहीये. पण अडवायला हातात काही नाही."

"मग पाठवा की."

कॉर्डेल माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. त्याच्या बुटावरची पट्टी सुटली होती, म्हणून लायल खाली वाकला आणि दोन वेढे मारून ती नीट केली. कॉर्डेलने खाली बघितलं आणि म्हणाला, "थँक्यू, सर."

मला वाटलं, बाप झाल्यावर पोरगा सुधारला. लायलचे हात मात्र जागच्या जागी थांबले. त्याने मान वर करून कॉर्डेलकडे बघितलं. मग उठला, बाकावरचं हेल्मेट उचललं, बर्फाच्या पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि वर बसला.

"सोबचाक, हेल्मेट दे त्याचं," कोच म्हणाले.

"नाही देत."

"डॉक्टरांनी सोडलंय त्याला."

"तो मला थँक्यू म्हणाला, कोच."

"मग बरंच झालं, वळण लागलं. हेल्मेट दे."

"इतकी वर्षं त्याचे घोटे बांधतोय. शिव्यांपलीकडे काही दिलं नाही त्याने मला. हा कॉर्डेल नाही. आईने लहानपणी शिकवलेलं तेवढंच बोलतोय तो, बाकी आत कोणी नाहीये."

"उठ त्या पेटीवरून, नाहीतर उद्यापासून घरी बस."

"उद्याचं उद्या बघू. आज इथे बसतो."

कोच माझ्याकडे वळले. "ट्रक, उचल रे याला."

मी एका हाताने उचलला असता. पाण्यात भिजवून तोलला तरी लायल माझ्या निम्मा भरला नसता. मी म्हटलं, "कोच, माझी पाठ धरलीये." कोचनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात डॉक्टर बाई जवळ आल्या. लायल पेटीवरून न उठता म्हणाला, "बाई, त्या कागदावर नसलेला एक प्रश्न विचारू?" त्यांनी मान हलवली.

"कॉर्डेल, तुझ्या पोरीचं नाव काय रे?"

कॉर्डेल हसला. अनोळखी घरी जेवायला गेल्यावर माणूस हसतो, तसं. माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, हातमोज्याकडे बघितलं. "थांबा हं, सर," तो म्हणाला. "सांगतो. आत्ता सांगतो." आम्ही थांबलो. नाव आलं नाही.

"संपलं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आज हा खेळणार नाही. पुढे कधी खेळेल ते मी सांगेन कोच, तुम्ही नाही." ब्रॅनिगननी टोपी काढून जमिनीवर आपटली आणि निघून गेले. लायल सामना संपेपर्यंत पेटीवरून हलला नाही.

हरलो आम्ही. अगदी शेवटी, थोडक्यात.

आतल्या खोलीत दिवे मालवून कॉर्डेलला निजवलं होतं. बायको जॅनेल बाळाला घेऊन उशाशी बसली होती, अँब्युलन्स दाराशी यायची होती. थोड्या थोड्या वेळाने कॉर्डेल विचारायचा, "जिंकलो का?" लायल म्हणायचा, "हरलो रे." आणि दर वेळी त्याचा चेहरा पडायचा, जणू आत्ताच ऐकलं. मग विसरायचा. मग पुन्हा तेच. मला बघवेना. मी लायलला कोपऱ्यात ओढलं.

"अरे, जिंकलो म्हण ना. काय जातं तुझं? त्याला थोडीच आठवणार आहे?"

"त्याला आज स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही," लायल म्हणाला. "माझ्या शब्दाचा तरी राहू दे." आणि परत जाऊन बसला.

इस्पितळात काढलेल्या डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. झालं, गावाला तेवढंच पुरे होतं. रेडिओवर लोक फोन करकरून लायलला शिव्या घालू लागले. बघा, काही नव्हतंच, म्हाताऱ्याने सामना घालवला. त्याच्या दारात कोणी फुटकी हेल्मेटं आणून टाकली. मला सांगा, जो दुसरा मार बसलाच नाही, त्याचा फोटो कोणतं यंत्र काढणार आहे? पाय मोडला तर लोकांना दिसतो. न मोडलेल्या माणसाबद्दल कोणी ट्रेनरला हार घालत नाही. लायलने रेडिओ बंद केला, हेल्मेटं झाडून गोळा केली आणि कामाला आला. कोचनी त्याला काढलं नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं सोडलं.

कॉर्डेलला अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं होतं. फोन नाही, टीव्ही नाही. डोकं दुखायचं थांबलं की थोडं चालणं, मग सायकल, मग पळणं, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा दुखलं तर एक पायरी मागे. लायल रोज त्याच्या घरी जायचा. पहिले काही दिवस लायल जे सांगेल ते कॉर्डेल मुकाट करायचा. मग एक दिवस जॅनेलने लायलला दारातच थांबवलं. "तुम्ही येऊ नका, लायल," ती म्हणाली. "त्याला सगळं कळलंय आता. फार चिडलाय." लायल तिथूनच परत फिरला.

हंगाम संपला की आम्ही सगळे आपापली कपाटं रिकामी करायला येतो. बूट, साबण, पोरांची चित्रं, सगळं काळ्या पिशवीत कोंबायचं. त्या दिवशी कॉर्डेल आला. डोळ्यांवर काळा चष्मा. कपाटाकडे न जाता सरळ लायलच्या टेबलाकडे गेला. मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, हात उगारला तर मध्ये पडायला बरं.

"मला त्या दिवसातलं काही आठवत नाही," कॉर्डेल म्हणाला. "पण सगळ्यांनी सांगितलंय. हेल्मेट तू लपवलंस."

"हो."

"एकतिशी आली माझी. या वयात पळणाऱ्याला कोण ठेवतं? पुढची फेरी मला आता परत दिसणार नाही."

"खरंय. नाही दिसणार बहुतेक."

"एवढं करून तोंड वर करून सांगतोयस?" त्याचा आवाज चिरकला. "हे मी विसरणार नाही, लायल. मरेपर्यंत विसरणार नाही."

लायलच्या तोंडातली गोळी फिरायची थांबली.

"नाही ना विसरणार?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना, नाही म्हणून."

"बस," लायल म्हणाला. "मला तेवढंच पाहिजे होतं, बाबा." आणि टेबलाला टेकून तो आम्हा सगळ्यांसमोर, तोंड न झाकता, रडला.