मोठ्या शाळेत कोण कोण जाणार?

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. आमच्या शेवगाव भागात आभाळ घाईतल्या पाहुण्यासारखं येतं. दारात उभं राहतं, आणि चहाला थांबा म्हणेपर्यंत निघून जातं.

माझं घर हायस्कूलच्या भिंतीला लागून. मी स्वतः शाळेची पायरी कधी चढलो नाही, पण भिंतीवरून पोरांचे चेंडू येतात तसे किस्सेही येतात. चेंडू मी परत फेकतो. किस्से साठत जातात! आता मी सांगतोय आणि नात सायली लिहितेय.

तर त्या दिवशी तालुक्याचे साहेब आले होते. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांची हायस्कुलं मिळून फाट्यावर एकच मोठी शाळा करायचं चाललं होतं. पोरांची मतं घ्यायची होती. लिंबाखाली पोरं बसवली, मागं आईबाप उभे. मी आपला भिंतीपाशी, बाजेवर.

* * *

साहेबांनी विचारलं, "न्यायला-आणायला बस मिळेल, लॅब मिळेल, मोठं ग्राउंड मिळेल. कोणाला जायचंय?"

जवळजवळ सगळे हात वर! साहेब खूश. पुढच्या पोराला म्हणाले, "तुला काय आवडेल? लॅब का ग्राउंड?"

"बस."

"बरं. आणि शाळेत पोचल्यावर?"

पोरगं जरा विचारात पडलं. "येतानाची बस!"

* * *

आठवीतल्या ओंकारचा मात्र विरोध. "सर, त्या शाळेत माझा मामा येनार."

"मग चांगलंच की! लक्ष ठेवतील तुझ्यावर."

"मामाबी आठवीतच हाय, सर."

पोरं खिदळली. ओंकार गंभीर. "मामाला अरे म्हनलं तर आई लाटनं घेती. अहो म्हनलं तर पोरं हसत्यात."

"हे बघ बाळ, वर्गात सगळे सारखे."

"व्हय सर. पन हे तुमी आईला सांगा. ती बघा, मागंच उभी हाय!"

साहेबांनी मागं बघितलं. मग घाईघाईनं दुसऱ्या पोराकडं वळले!

* * *

हुशार पोरांची काळजी निराळी. तीन शाळांचे तीन पहिले नंबर एका वर्गात येणार. आमची पहिल्या नंबराची पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "तिघांतले दोघं खाली जानार की सर! घरी काय सांगायचं?"

तेवढ्यात मागून यश उठला. याचा शेवटचा नंबर कधी चुकलेला नाही.

"सर, माझा पाठिंबा लिहून घ्या. शेवटचेबी तिघं हायत. इथं मी लई वर्सं एकटाच हाय!"

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

* * *

एकानं विचारलं, "तिन्ही गावच्या जत्रांना सुट्टी आसंल का?"

साहेब म्हणाले, "विचार करू."

टाळ्या पडल्या! आणि कुणीतरी ओरडलं, "मग आनखी दोन-चार गावं घ्या की!"

* * *

मग आमची सायली उठली. लिहिताना इथं तिचा हात थांबला. म्हटलं, लिही बाई, खोटं थोडंच आहे?

ती नववीत. म्हणाली, "सर, मला लॅब पायजे. पन आण्णा म्हनत्यात, मोठं मानूस सोबत आसल्याबिगर एवढं लांब जायचं न्हाई. शाळा हलली, की माझी शाळा बंद."

हसणं थांबलं. साहेबांकडं बस होती, लॅब होती, ग्राउंड होतं. सोबतीला मोठं माणूस नव्हतं. आण्णा म्हणजे माझा मुलगा. तो लिंबाकडं बघत राहिला, जणू लिंबोळ्या आजच लागल्यात.

मी बाजेवरून म्हणालो, "मी जाईन तिच्यासंगं."

साहेब हसले. "आजोबा, दिवसभर तिथं करणार काय?"

"इथं काय करतो? भिंतीपाशी बसतो. तिथंबी भिंत आसंलच की!"

आण्णानं मान खाजवली. "तात्या, तुमी रोज जानार आसाल, तर मी कशाला आडवू?"

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. पाठिंबा का विरोध, देव जाणे!

संध्याकाळी गुरांना पाणी दाखवत होतो. शेजारची सोनाबाई, वयानं माझ्याएवढीच, कुंपणापाशी आली. कमरेवर हात ठेवून मला खालीवर बघितलं आणि म्हणाली,

"तात्या, पहिल्या दिवशी रडायचं न्हाई बरं का!"