मामांचा चाफा

शेवटच्या दिवशीसुद्धा मामा सकाळीच दवाखान्याच्या अंगणात गेले, आपल्या चाफ्याला पाणी घालायला. मामा रिटायर प्लंबर. दर रविवारी पाच-सहा जण तिथं फुकटात बाग करायचे, आणि सगळ्यांना शिव्या घालायचं काम मामांकडं.

चाफ्याची फांदी मामांनी स्वतः लावलेली. ती आठ दिवसांत कुजली. आता हे रविवारी घरात बसून डोकं खाणार, म्हणून मामीनं गुपचूप तिथं मोडक्या फावड्याचा दांडा रोवला. मामांना नीट दिसायचं नाही, पण चष्मा लावतील तर शपथ. सहा महिने दांड्याला पाणी घातलं.

त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "मूळ धरलंय गं. हलवला तरी हलत नाही."

"तुमच्यासारखाच आहे," मामी म्हणाली. जेवण झालं की खरं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. मामा जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

महिन्यानं मामी बागेत गेली. तिथली नर्सबाई हळूच म्हणाली, "वहिनी, तो दांडा काढायचा का आता? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"माहीत होतं, आणि तरी शिव्या खात बसलात?" मामीनं बादली उचलली. "राहू दे तो. पाणी कुठल्या नळाचं घालायचे हे?"