मातृभाषेचा रकाना

"कोलामी विद्यार्थी, शून्य."

साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. "शून्य. मग बाई, हा वर्ग मागता कोणासाठी? भुतांसाठी?"

तालुक्याच्या शिक्षकांची बैठक होती, साहेब म्हणजे गटशिक्षणाधिकारी. सगळे शिक्षक हसले. मी उभीच होते. पहिलीच्या मुलांना आधी कोलामीतून शिकवायचं, मग हळूहळू मराठीत आणायचं, असा वर्ग मी मागितला होता. शासन त्यासाठी चित्रांची पुस्तकं देणार होतं आणि पोडावरची एक मदतनीस बाई. पोड म्हणजे आमची कोलामांची वस्ती. माझ्या शाळेतली सगळी मुलं तिथलीच. घरी एकही जण मराठी बोलत नाही.

"तुम्ही तर त्यांच्यातल्याच ना?" साहेब म्हणाले. "तुमच्या सेवापुस्तकातही मातृभाषा मराठीच आहे."

पुन्हा हसू.

त्याच बैठकीत तालुक्याच्या गावातल्या मोठ्या शाळेला जर्मन भाषेचा वर्ग मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. जर्मनशी माझं वैर नाही. शिकावी पोरांनी, जावं दूर. उठताना साहेब मला म्हणाले, "नाराज होऊ नका. जर्मन वर्गाच्या उद्घाटनाला यवतमाळहून पाहुणे येणार आहेत. तुमच्या पोरींचा कोलामी नाच बसवा. छान दिसेल."

मी म्हणाले, "हो सर." आणि डायरीत लिहून घेतलं: नाच, आठ मुली, साड्या, गाडी.

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. माझं काम कधी मागे राहत नाही. ते शून्यही मीच लिहिलेलं होतं.

दरवर्षी दाखल्याच्या वेळी मातृभाषेचा रकाना येतो. कोलामी लिहिलं की वरून विचारणा होते, वेगळा तक्ता भरावा लागतो. म्हणून आमच्याकडे सगळेच मराठी लिहितात. मीही लिहिलं. समोर आई बसलेली, कडेवरच्या लेकराशी कोलामीत बोलते आहे, आणि मी मराठी लिहिते आहे. नवीन शिक्षकांनाही मीच सांगितलं, मराठी टाका, काम लवकर उरकतं.

पण फक्त तक्त्याचा कंटाळा नव्हता तो.

माझं लहानपण मारेगावकडच्या एका पोडावर गेलं. पहिलीत होते. तहान लागली म्हणून गुरुजींना म्हणाले, "ईर." आमच्यात पाण्याला ईर म्हणतात. गुरुजी म्हणाले, "माणसासारखं बोल." मला दुसरा शब्द माहीत नव्हता. सुट्टी होईपर्यंत मी माठाशेजारी उभी होते. पोरं येत होती, पाणी पिऊन जात होती. मी पाणी मागितलं नाही. त्यानंतर शाळेत कोलामी कधी बोलले नाही.

शिक्षिका झाले तरी नाही. म्हणजे बोलायचे, पण मुलाच्या कानाशी वाकून, हळू आवाजात. पोट दुखतं का, शू लागली का, रडतोस कशाला. नाक पुसायला कोलामी. फळ्यासमोर उभी राहिले की मराठी.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पारूच्या घरी गेले. पहिलीतली पोरगी. वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी तिचं नाव विशेष गरजेच्या यादीत घातलं होतं, "बोलत नाही" असा शेरा मारून. महिनाभर ती येतही नव्हती.

पारू अंगणात शेळीच्या पिल्लाला दटावत होती. काल कुठे गेला होतास, कोणाचं खाल्लंस, आई किती ओरडली. थांबतच नव्हती. मला पाहिलं आणि गप्प झाली.

तिची आई कोलामीत म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेत ती मुकी होते. घरी तर बोलते."

  त्या पोरीची भाषा माझ्या तोंडात होती. मी वर्षभर ती गिळून बसले होते.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. "नाचाची तयारी झाली का?"

"नाच होणार नाही, सर."

"का?"

"माझ्या शाळेत कोलामी मुली शून्य आहेत. तुम्हीच वाचलं. नाचेल कोण?"

 मग ते म्हणाले, "हे तुम्हाला जड जाईल."

"जाऊ द्या."

 या वेळी "सर" म्हटलं नाही.

त्याच दुपारी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. प्रत्येक मुलाचं नाव, मातृभाषा कोलामी. सगळ्यात वर माझं. खाली लिहिलं की चुकीच्या नोंदी मी स्वतः, माहीत असून केल्या. पारूचं नाव विशेष गरजेच्या यादीतून काढावं, ती मुकी नाही, असंही लिहिलं.

मुख्याध्यापकांनी दोनदा वाचला. "मॅडम, काहून उकरून राह्यल्या आता? पयली नोटीस तुमालेच येईन."

"येऊ द्या. सही करा."

"माह्या सहीनं काय होते? वर्ग थोडाच भेटनार हाये?"

"तो पुढचा प्रश्न. आधी पोरं कागदावर येऊ द्या."

त्यांनी सही केली. माझ्याकडे न बघता.

नोटीस आली. खुलासा दिला. वर्ग अजून मंजूर नाही. प्रस्ताव पुन्हा पाठवला आहे. पारू शाळेत परत आली नाही. मी तीनदा जाऊन आले. ती मला पाहून घरात जाते. तिच्यापुरता उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. साहेबांच्या माथी मी तो मारणार नाही.

जूनमध्ये पहिलीला सात नवी मुलं येतील. मी फळ्यासमोर उभी राहीन आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कोलामीत शिकवीन. मंजुरी असो नसो. कोणी तपासायला आलं, तर आवाज कमी करणार नाही.