मिचिकोसान कमी जेवत होत्या

मिचिकोसान गेल्याचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या दुकानात, काउंटरमागे उभी होते. त्यांचा मुलगा केनजी हॉस्पिसमधून, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात तिथून, बोलत होता. "आई सकाळी गेली. शांत होती," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि समोरच्या बाईंना त्यांच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगितलं. याला आता सहा आठवडे झाले.

२००३ साली आम्ही पुण्याहून क्राइस्टचर्चला आलो, तेव्हा शेजारच्या घरात या सत्तरीच्या जपानी बाई एकट्या राहत होत्या. नवरा इथलाच, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मी फार्मासिस्ट. दिवसभर लोकांना पथ्यं सांगायची आणि घरी येऊन उरलेली पोळी वाया नको म्हणून खायची. त्यात इथे कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही गाडी. दोन वर्षांत माझी शुगर वर गेली. कुंपणापाशी मी हे मिचिकोसानना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सात वाजता. चालायचे बूट घाल." तेव्हापासून आम्ही रोज नदीकाठाने चालायचो. शनिवारी फिरून आलं की त्यांच्या स्वयंपाकघरात चहा... हिरवा, बिनसाखरेचा. त्यांचं जेवण मी तिथेच पाहिलं. लहान लहान वाट्यांत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं पातळ सूप, वाफवलेली भाजी, माशाचा एक तुकडा, मुळ्याचं लोणचं आणि मूठभर भात. खाताना टीव्ही नाही, घाई नाही. पोटात अजून दोन घासांची जागा आहे असं वाटलं की जेवणाच्या काड्या खाली ठेवायच्या. जमिनीवर बसलेल्या असल्या तर हात न टेकता उठायच्या. मीही घरातल्या वाट्या लहान केल्या. वर्षभरात शुगर ठिकाणावर आली.

मग त्यांचं उदाहरण देण्याची मला सवयच लागली. दुकानात येणाऱ्यांना, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना, सगळ्यांना. गेल्या हिवाळ्यात, इथे तो जुलैत असतो, आमच्याकडे चारसहा जणी जेवायला होत्या. मिचिकोसाननी वरणभाताचे चार घास खाल्ले आणि ताट हलकेच बाजूला सारलं. "बघा, या वयातही किती ताबा आहे," मी त्यांच्यादेखत इंग्रजीतून म्हणाले. त्या हसल्या. भांडी आवरताना माझी मुलगी सई म्हणाली, "आई, शी लुक्स सो मच थिनर." मी म्हणाले, "तुझ्यासारखे चिप्स खात नाहीत त्या."

चालताना त्या मध्येच थांबायला लागल्या होत्या. "बदकं बघू या," म्हणायच्या. आणि... हे लिहिणं जड जातंय... त्या तीनदा माझ्याच काउंटरवरून अ‍ॅसिडिटीचं औषध घेऊन गेल्या. दुसरं कोणी असतं तर मी विचारलं असतं, किती दिवस त्रास होतोय, वजन उतरलंय का, डॉक्टरांना दाखवलंत का. माझं कामच आहे ते. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "माझ्या हातचं तिखट बाधलं वाटतं," आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

निदान झालं तेव्हा पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. हॉस्पिसमध्ये मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" "तू सगळ्यांना माझ्याबद्दल इतक्या अभिमानाने सांगायचीस," त्या म्हणाल्या, "मग जमलं नाही." मला रडू फुटलं. तशा त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं या पोटाने कधी तक्रार केली नाही. सूपचा काही दोष नाही. तू चालणं सोडू नकोस." माझा दोष नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात केनजीने घर आवरायला बोलावलं. फ्रिजशेजारी मासळीवाल्याचं एक कॅलेंडर लटकत होतं. दर दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने बारीक जपानी अक्षरं आणि खाली एक आकडा. "काय खाल्लं ते लिहायची," केनजी म्हणाला, "आणि वजन." मार्चमध्ये एकोणपन्नास. जूनमध्ये पंचेचाळीस. ऑगस्टच्या शेवटी एकेचाळीस. दर शनिवारी मी ज्या खुर्चीत बसून चहा प्यायचे, तिच्या बरोबर समोर.

केनजी ते रीसायकलिंगच्या खोक्यात टाकणार होता. मी मागून घेतलं. आता ते आमच्या स्वयंपाकघरात आहे, ऑगस्टचं पान वर ठेवून. परवा सईने विचारलं, "आई, व्हॉट डझ इट से?" अक्षरं मला येत नाहीत. मी तिला पहिला आकडा वाचून दाखवला, मग त्याच्या पुढचा... मग त्याच्या पुढचा.