मांडेवाल्या भिकुबाईच्या पुड्या

भिकुबाई, तुला पत्र पाठवलं तर तुझ्या गल्लीत ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, आणि नेमकी त्याचीच मला लाज वाटते. तरी लिहिते. चूक माझी होती. तू एवढं एकच काम सांगितलंस आणि मी

इथे इंदिराबाईंचं पेन थांबलं. पारोळ्याच्या शाळेत सव्वीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई, शब्दासाठी कधी अडली नव्हती.

भिकुबाई मांडे करायची. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, मनगटं फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. गावात लग्न असो की दिवसकार्य, मांडे तिच्याच हातचे. आणि संधिवाताने धरलं ते त्याच हातांना. बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना, लुगड्याची गाठ सुनेने बांधून द्यावी लागे.

मग शेजारच्या गावातल्या एकाने, ज्याला लोक डॉक्टर म्हणत, तिला कागदाच्या पुड्या दिल्या. रोज सकाळी एक. तिसऱ्या दिवशी भिकुबाई परत खापरापुढे बसली! वर्षभरात गाल गोल झाले, चेहरा तुकतुकीत झाला. बाया म्हणायच्या, "भिकुबाईले सुख मानवनं!" दंडावर काळेनिळे डाग उठायचे, ते ती पदराखाली झाकायची. पुडीचा गुण पाहून गल्लीतल्या आणखी चौघींनी त्याच पुड्या सुरू केल्या.

सत्त्याऐंशी सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती इंदिराबाईंकडे मांडे करायला आली. मदतीला पाच-सात बाया होत्या.

"भिकुबाई, हे अंग भरणं नव्हे, ही सूज आहे. काय खातेस?"

तिने कमरेच्या पिशवीतून पुड्या काढल्या. पांढरी भुकटी. इंदिराबाईंनी नुकताच रविवारच्या पुरवणीत स्टेरॉईडवर लेख वाचला होता. अर्धवट वाचलेलं फार ठासून बोलता येतं.

"हाडं पोखरतं हे. साखर वाढवतं. विष आहे, विष!"

"विष ऱ्हातं ते मी कव्हयच मरी जाती, बाई. मना हात चालतस ना, मंग बठ्ठं बरं शे."

बाया हसल्या. ते हसणं इंदिराबाईंना झोंबलं. त्यांनी पुड्यांचं बंडल घेतलं आणि सगळ्यांदेखत चुलीत टाकलं. वर अर्धा तास भाषण दिलं. बाया ऐकत राहिल्या. मास्तरीणबाई बोलल्या म्हणजे ते छापलेलंच.

भिकुबाईने खरंच पुड्या सोडल्या. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, सांधे पुन्हा सुजले, भिंत धरल्याशिवाय उठता येईना. मुलगा गिरधर विचारायला आला, तर इंदिराबाई म्हणाल्या, "विष उतरतंय. थोडा त्रास होणारच."

सहाव्या दिवशी ती नळावर कोसळली.

जीपमधून धुळ्याला नेलं. इंदिराबाईही सोबत गेल्या. रात्रभर सलाईन, इंजेक्शनं. सकाळी तरुण डॉक्टरीणबाईंनी पुड्यांबद्दल ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही औषधं घेत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं तसलं औषध बनवायचं सोडून देतं. ती वाईट आहेत, कबूल. पण वर्षभर घेतल्यावर थोडी थोडी करत, डॉक्टरच्या नजरेखाली उतरवायची असतात. एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

खाटेवर भिकुबाई डोळे मिटून पडली होती. गिरधर इंदिराबाईंकडे बघत होता.

"तिने आपल्याच मनाने बंद केली," इंदिराबाई म्हणाल्या.

गिरधरने मान खाली घातली.

भिकुबाई वाचली. मोजून कमी करायच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याला धुळे. मांडे मात्र सुटले ते सुटलेच. महिन्याभराने इंदिराबाई तिला बघायला गेल्या, हातात मोसंब्यांची पिशवी. भिकुबाईने पिशवीकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही डागदरबाईले काय सांगं ते जाऊ द्या. पन गल्लीमा चार बाया त्याच पुड्या खातस. तुमनं ऐकीसन त्या भी चुलामा टाकतीन. तुम्ही या, तुमना तोंडे सांगा, एकदम सोडानी नहीत, पहिले डागदरले दखाडा. मी सांगसू ते कोन्ही ऐकाव नही."

"येते रविवारी," इंदिराबाई म्हणाल्या.

रविवारी भिकुबाईने सुनेकडून ओटा सारवून घेतला, चौघींना बोलावून बसवलं. इंदिराबाई निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा ओट्यावरच्या बायांचं हसणं ऐकू आलं. या बायांपुढे उभं राहून 'मी चुकले' म्हणायचं? त्या वळल्या, नको असलेली मेथीची जुडी घेतली आणि घरी आल्या. पुढच्या रविवारी वह्या तपासायच्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी वह्याही नव्हत्या. जुलैअखेर त्या निवृत्त झाल्या आणि जळगावला लेकाकडे राहायला गेल्या. पत्र तिथूनच लिहायला घेतलं, ते त्या 'मी'वरच अडलं.

चौघींपैकी भागाबाई आखाजीच्या दिवशी त्यांच्या चुलीपाशीच बसली होती, सगळं भाषण मान डोलवत ऐकत. तिने पुड्या सोडल्या की चालू ठेवल्या, एवढं विचारायलासुद्धा इंदिराबाई त्या गल्लीत गेल्या नाहीत.