शनिवारचं रजिस्टर

रिवका पेणकर पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षं सिस्टर होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. याचा त्यांना थोडा अभिमानच होता. घराणं बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यूंचं. शनिवार हा शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस. त्या दिवसापुरतं वडिलांनी एवढंच सांगून ठेवलं होतं: आजाऱ्याचं सगळं करायचं, फक्त लेखणी धरायची नाही. म्हणून शनिवारी त्या इंजेक्शनं देत, मलमपट्टी करत आणि रजिस्टरमध्ये दुसरं कोणीतरी त्यांच्या सांगण्यावरून लिही.

गेले सहा महिने हे काम प्रांजलकडे होतं. बी.एस्सी. नर्सिंग पहिल्या वर्गात पास झालेली उरणची मुलगी. पुस्तकं तोंडपाठ, पण पहिल्या दिवशी सलाइनची सुई कुठे टोचायची ते तिला ठरवता येईना. रिवकाबाईंनी स्वतःचा हात पुढे केला.

"शोध शीर. डोळ्यांनी नको, बोटांनी."

प्रांजल तीनदा चुकली. चौथ्यांदा शीर सापडली.

"चाळणी झाली तुमच्या हाताची, सिस्टर."

"होऊ दे गं. पेशंटची नको व्हायला."

मेट्रननी नवी मुलगी कशी आहे असं विचारलं, की रिवकाबाई म्हणत, "हात बसतोय तिचा. मन चांगलं आहे."

मग एका शनिवारी रोडपालीच्या महादेवकाकांना जेवणाचं ताट येण्याआधीच इन्सुलिन दिलं गेलं. काकांची साखर उतरली, दरदरून घाम सुटला. ग्लुकोज चढवल्यावर तासाभरात ते सावरले. इन्सुलिन दिलं गेलं तेव्हा रिवकाबाई सात नंबरच्या खाटेपाशी ड्रेसिंग करत होत्या.

सोमवारी मेट्रननी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. इन्सुलिन कोणी दिलं त्या रकान्यात लिहिलं होतं, 'रिवका'.

"मी नाही दिलं. हे अक्षर प्रांजलचं आहे."

"दर शनिवारी तिचंच असतं ना, बाई?" मेट्रन हळूच म्हणाल्या. "मग मी कशावरून ठरवू? मेमो द्यावा लागेल."

प्रांजल चेंजिंग रूममध्ये एप्रनची घडी घालत होती.

"तू दिलंस ना?" रिवकाबाईंनी विचारलं.

"मला वाटलं, ताट आलंय." तिनं मान वर केली नाही. "माझं प्रोबेशन चालू आहे, सिस्टर. मला काढूनच टाकतील. तुम्ही जुन्या. तुम्हाला नुसता मेमो मिळेल."

"लिहितानाच एवढा विचार केला होतास?"

प्रांजलनं घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

पुढच्या शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी रजिस्टर उघडून बसली. "सांगा सिस्टर, लिहिते."

रिवकाबाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. तारीख घातली. पुढे वार लिहायचा होता. बावीस वर्षांत तो शब्द या रजिस्टरमध्ये त्यांच्या हातून कधी उमटला नव्हता. क्षणभर त्या थांबल्या. मग त्यांनी तो लिहिला आणि खाली एक नंबरच्या खाटेचं औषध नोंदवायला घेतलं.