पाचवं पाकीट

पोलीस घराची झडती घेतात तेव्हा सोबत दोन बाहेरची माणसं लागतात. त्यांना पंच म्हणतात. काय सापडलं, कुठे सापडलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची, एवढंच त्यांचं काम. सरकारी कार्यालयांतून पंच मागवायची पद्धत आहे, कारण आम्ही मंडळी सहसा नाही म्हणत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी माझं नाव दिलं. घरात बाई आहे, तेव्हा एक पंच बाई हवी, असं पत्रात होतं.

मी ठाण्यातल्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. सोबतची सहपत्रं मोजल्याशिवाय कुणाच्या पत्रावर पोचेचा शिक्का मारायचा नाही, हा माझा खाक्या. लोक वैतागायचे, मागून नावं ठेवायचे. ठेवू देत. हे मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढे मी जे केलं ते अडाणीपणातून केलं असं कुणाला वाटायला नको.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या धाकट्या भावाचा डावा कान एका बॉम्बस्फोटात गेला. कामावरून घरी येत होता, बाकी काही नाही. त्यामुळे असल्या खटल्यांतल्या आरोपींच्या हक्कांबद्दल कुणी बोलायला लागलं की माझं टाळकंच सरकायचं. त्या दिवशी पहाटे डोंबिवलीहून निघाले तेव्हा मनात भीती होती, पण थोडी ऐटही होती. देशाचं काम होतं ना.

ठाण्यात खोपटला पोलिसांची गाडी उभी होती. तिथून वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. तिथे एक तिशीचा माणूस आणि त्याची आई राहायची. तो जवळच्याच कारखान्यात मशीनवर कामाला होता. बंदी घातलेल्या एका संघटनेसाठी तो निरोप पोचवतो, असा संशय होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव वाचलं की लोक अर्धा निकाल तिथेच देऊन मोकळे होतात.

त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डाळीचे डबेसुद्धा उपसले गेले. माझ्याबरोबरचा दुसरा पंच आमच्याच कार्यालयातला होता, तो सारखा घड्याळ बघत होता. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होते. दोन-अडीच तासांत टेबलावर चार वस्तू आल्या: लॅपटॉप, दोन मोबाईल आणि एक डायरी.

मग अधिकाऱ्यांनी कोऱ्या लेबलांचा गठ्ठा पुढे केला. वस्तू पाकिटात घालून लाखेचं सील करतात, वर पंचांच्या सहीचं लेबल चिकटवतात.

"मॅडम, लेबलांवर आत्ताच सह्या करून टाका. वेळ वाचेल. मग खाली टपरीवर नाश्ता करून या, सांगून ठेवलंय."

मी सह्या केल्या. कोऱ्या लेबलांवर. मोजली नाहीत. आम्ही दोघं खाली गेलो. पोहे गरम होते, मी चहा दोनदा घेतला.

अर्ध्या तासाने वर आले तेव्हा टेबलावर पाच पाकिटं होती. लाख अजून ओली होती.

"हे पाचवं कसलं?" मी विचारलं.

"पेनड्राइव्ह. गादीच्या खोळीत मिळाला."

"केव्हा?"

"तुम्ही खाली होतात तेव्हा. मॅडम, हा देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, किराणा सामानाची यादी नाही."

दारातून आई म्हणाली, "साहेब, ते आमचं नाहीय. बाई, तुम्ही बघितलंत ना, गादी तर मघाशीच उलटीपालटी केलेली."

ते खरं होतं. गादी माझ्यासमोर खोळीतून बाहेर काढून झाडली होती. खोळ उलटी केलेली मी पाहिली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या पंचाने तोवर सही केलीही होती. "मॅडम, करा ना लवकर, इथे कशाला डोकं लावताय?" तो पुटपुटला. पंचनाम्यात लिहिलं होतं की पाचही वस्तू आम्हा पंचांसमक्ष मिळाल्या आणि आमच्यासमक्ष सील केल्या. मी ते शब्द पूर्ण वाचले. भावाचा कान आठवला, साहेब आठवले, आणि सही केली. आईकडे पाहायचं मी टाळलं.

त्याला ज्या कायद्याखाली पकडलं त्यात जामीन सहजी मिळत नाही. तो आत गेला. मी रोज सहपत्रं मोजत राहिले.

निवृत्तीला चार महिने उरले असताना साक्षीचं समन्स आलं. साक्षीच्या आदल्या दिवशी झडतीच्या पथकातला एक पोलीस पंचनाम्याची प्रत घेऊन घरी आला. "वाचून ठेवा. असंच झालं, एवढंच म्हणायचं. उगाच निवृत्तीच्या तोंडावर लचांड नको." भाऊ घरीच होता. पोलीस गेल्यावर मी भावाला सगळं सांगितलं. तो भडकला. "अगं, तू फितूर होणार? त्यांच्यासाठी? माझं काय झालंय ते दिसत नाही का तुला?" तो पेनड्राइव्ह त्या घरातला होता की नव्हता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. तो माणूस दोषीही असेल. मला एवढंच माहीत होतं की मी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं असं लिहून दिलं होतं. स्फोट करणारे सापडायला हवेत, हे मला भावाइतकंच वाटतं. पण माझ्या असल्या सहीने कुणीही सापडेल. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

ठाण्याच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलांनी एकेक वस्तू विचारली. चार वस्तूंना मी हो म्हटलं. पाचव्याला म्हटलं, "ही माझ्यासमोर मिळाली नाही. सीलही माझ्यासमोर झालं नाही. मी खाली नाश्त्याला गेले होते."

वकिलांचा चेहरा बदलला. त्यांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि माझ्यावर तुटून पडले.

"सही तुमची आहे?"

"माझीच आहे."

"मजकूर वाचून केली?"

"हो, वाचून केली."

"मग तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

"तेव्हा."

कोर्टात कुजबुज झाली. आरोपीच्या पिंजऱ्यातला तो माणूस मान खाली घालून बसला होता. केस बरेच पांढरे झाले होते. मला ओळखू आला नसता.

बाहेर आले तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. खोटं कशाला बोलू, मनातून मी स्वतःची पाठ थोपटत होते. एवढ्यात त्याची आई समोर आली. ती हात जोडेल, रडेल असं मला वाटलं, आणि मी "अहो, असं काय करता" म्हणायची तयारीही केली होती.

तिने हात जोडले नाहीत.

"बाई, हे त्याच दिवशी का नाही बोललात?"

"मी घाबरले होते हो," मी म्हटलं.

"मीपण घाबरलेली," ती म्हणाली. "पण मी बोललेली."